ज्याच्या कानी पडेल त्याने सांगावं

लुमबाय, ४ नोव्हेंबर १९९६

मानोंग क्रिसांतो,

मी तुला पत्र लिहिते ते नाताळात, नाहीतर कुणी वारलं तर. आज दोन्ही नाही, तरी लिहायला बसले आहे, यावरून काय ते समज.

तातायचं रेडिओ स्टेशन बुडायला आलंय. गेल्या महिन्यात इलोइलोहून सर्व्हेवाले आले होते. चार दिवस छत्र्या घेऊन दारोदार फिरले. रेडिओ ऐकता का, कुठलं स्टेशन ऐकता, हेच विचारत. शंभर घरांत आपलं नाव सांगितलं सात घरांनी. सात! आणि त्यातलं एक घर आपलंच. तो अहवाल साबणाच्या व्यापाऱ्याच्या हातात पडला, खतवाल्याच्या हातात पडला, आणि दोघांनीही जाहिराती बंद केल्या.

मला यातलं काही म्हणता काही कळत नाही. कारण पहाटे पाचला मी खिडकी उघडते तेव्हा निरोप द्यायला आलेल्यांची रांग फणसापर्यंत गेलेली असते. कुणी ऐकतच नाही तर ही माणसं येतात कशाला? काल एक बाई दोन डोंगर ओलांडून आली, काखेत कोंबडी. म्हणाली, "समुद्रापलीकडे ऊस तोडायला गेलेल्या माझ्या नवऱ्याला सांगा, मुलगी झाली, नाव काय ठेवू?" मी म्हटलं, "बाई, तुम्ही आमचं स्टेशन ऐकता ना?" तर म्हणते, "छे हो मानांग, आमच्याकडे रेडिओ कुठाय!" कोंबडी ठेवून गेली.

आता खरी गोष्ट. एका गाण्यांच्या कंपनीला आपली जागा हवी आहे. बातम्या नाहीत, चर्चा नाहीत, निरोप नाहीत. दिवसभर तुमच्या मनिलाहून येणारी गाणी. त्यांना उत्तर हवंय कँडेलारियाच्या जत्रेच्या आत, म्हणजे दोन फेब्रुवारीच्या आत. स्टेशन तातायने आपल्या दोघा लेकरांच्या नावावर ठेवलंय, तेव्हा सह्या दोन लागतील. मला विकायचं नाही. पण नुसत्या हट्टावर रेडिओ चालत नाही, हे मलाही कळतं.

तू एक महिना ये. रोज सकाळी तासभर माइकसमोर बस. आपल्या माइकवरचा तियो मेलेसिओ अजून सगळ्यांना सांगत असतो की क्रिसांतो वादळाची बातमी द्यायचा तेव्हा कोळी घाबरायचेसुद्धा आनंदाने. येणं जमत नसेल तर निदान काय सुधारू ते तरी सांग. तू एवढ्या मोठ्या स्टेशनातला माणूस.

तुझी,
साल्वा


मनिला, १४ नोव्हेंबर १९९६

इंदाय साल्वा,

येणं शक्य नाही. इथला सकाळचा कार्यक्रम माझ्याच गळ्यात आहे, एक दिवस सुटी मिळत नाही. मात्र सुधारणा सांगतो, त्या जशाच्या तशा कर. अर्धवट करशील तर मला दोष देऊ नकोस.

तुझा रोग तुझ्याच पत्रात लिहिलेला आहे. साडेपाच ते साडेसहा ही रेडिओची सोन्यासारखी वेळ, आणि ती तू निरोपांवर उधळतेस. अमक्याची म्हैस हरवली, तमक्याची आत्या आजारी. ज्याची म्हैस त्याला त्याचं महत्त्व, मान्य. उरलेल्या नव्याण्णव जणांनी ते का ऐकावं? तुझे सर्व्हेवाले हेच तर सांगून गेले. निरोप दुपारी दोनला टाक, दहा मिनिटांत उरक. आणि प्रत्येक निरोपाच्या मागे तातायने लावून ठेवलेलं ते शेपूट, "ज्याच्या कानी पडेल त्याने कृपा करून सांगावं", ते कापून टाक. एका निरोपाला पाच सेकंद धर. तीस निरोपांत अडीच मिनिटं नुसत्या विनवणीत जातात.

सकाळी बातम्या दे. दर अर्ध्या तासाने, स्वच्छ भाषेत, तरुण आवाजात. मेलेसिओचं ओरडणं आणि टेबलावर मुठी आपटणं थांबव. ते मनिलात पंधरा वर्षांपूर्वी बंद झालं.

तुझा मानोंग,
क्रिसांतो


लुमबाय, ३ डिसेंबर १९९६

मानोंग,

सगळं केलं, जसंच्या तसं. आता ऐक काय झालं, आणि कळलं तर मलाही सांग.

इलोइलोहून जोसेल नावाची मुलगी आणली. आवाज गोड, उच्चार स्वच्छ. पहिल्याच दिवशी तिने शहरातल्या वाहतूक कोंडीची बातमी दिली. आपल्या गावात जीपगाड्या तीन, आणि त्यातली एक बंद. लोक दिवसभर चौकात उभे राहून कोंडी बघायची वाट बघत होते.

तियो मेलेसिओला टेबल आपटू नका म्हटलं, तर तो मांडी आपटायला लागला. आता मांडी सुजली म्हणून रजेवर आहे.

फादर स्वतः भेटायला आले. चर्चमधल्या सकाळच्या मिस्साला निम्मी माणसं उशिरा येतात म्हणाले. मी म्हटलं, फादर, त्यात माझा काय दोष? तर म्हणे निरोप संपले की घरातून निघायचं, ही त्यांची वीस वर्षांची सवय. आता निरोपच नाहीत तर निघायचं कधी, हे त्यांना कळत नाही. आणि बाजारात मला जो भेटतो तो विचारतो, "मानांग, बरं नाही का तुम्हाला?" अबाव! मी ठणठणीत आहे. पण मग म्हटलं, यांना कसं कळलं की मी सकाळी वाचत नाही? शंभरातली सात घरं ना?

शुक्रवारी टेलिफोन ऑफिसातून तुला फोन लावला. पलीकडे उचलला गेला. मी "मानोंग, मानोंग" म्हणत राहिले, कुणी बोलेना, आणि मग ठेवला. तूच होतास का? जोसेलच्या पहिल्या आठवड्याची टेप मी तुला पाठवली नाही, म्हणून रागावलास?

साल्वा


मनिला, ११ डिसेंबर १९९६

इंदाय,

रागावलो नाही. इथल्या तारा खराब आहेत, पावसाने आवाज जात नाही. फोन करू नकोस, पत्रच बरं.

बदल झाला की लोक महिनाभर कुरकुर करतात. मी इथे रोज पाहतो. धीर धर. दर तासाला वेळ सांगत जा, म्हणजे फादरचीही सोय होईल.

क्रिसांतो


लुमबाय, २१ डिसेंबर १९९६

मानोंग क्रिसांतो,

म्हातारा बेनितो तुला आठवत असेल, तातायच्या वेळी आपल्या अँटेनावर चढायचा तो. गेल्या आठवड्यात गेला. त्याचा एकुलता एक मुलगा, रुस्तिको, पलीकडच्या बेटावर उसाच्या तोडीला गेलेला. सोमवारी बेनितोच्या सुनेने खिडकीत निरोप दिला. मी तुझ्या सांगण्याप्रमाणे दोन वाजता वाचला. मंगळवारी वाचला, बुधवारीही वाचला. शुक्रवारपर्यंत वाट बघून त्यांनी म्हाताऱ्याला पुरलं. रुस्तिको शनिवारी आला.

तो खिडकीशी आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने टोपी काढली आणि विचारलं, "मानांग, तुम्ही सांगितलं नाहीत का?" मी म्हटलं, सांगितलं रे, तीन दिवस सांगितलं. "मग मला ऐकू कसं आलं नाही?"

मग त्यानेच समजावलं. तोडीच्या छावणीत रेडिओ एक, स्वयंपाकाच्या चुलीपाशी खिळ्याला टांगलेला. पहाटे चाळीस माणसं भात खाताना तो लागतो. सहाला सगळे उसात. दुपारी दोनला तिथे ऐकायला फक्त भांडी. त्याला कळलं ते पाचव्या दिवशी, बाजाराला गेलेल्या कुणाकडून तरी.

दुसऱ्या दिवसापासून निरोप पुन्हा पहाटे सुरू केले. शेपटासकट. तुला विचारलं नाही. जोसेलला म्हटलं, तुला राहायचं तर हेच वाचायचं. ती पहिला निरोप वाचताना रडली, आता बरी वाचते.

माझं डोकं चालेनासं झालंय. तुझं ऐकलं तर माणसं बापाच्या मातीला मुकतात. तुझं ऐकलं नाही तर शंभरातली सात घरं. तू मोठा आहेस, बत्तीस वर्षं या धंद्यात आहेस. विक्रीचा कागद सोबत जोडते. मी सही केलेली नाही. तुला मनापासून पटत असेल तर आधी तू कर, मग मी करीन. मात्र रुस्तिकोचा तो प्रश्न वाचून मग कर.

साल्वा


मनिला, ३० डिसेंबर १९९६

इंदाय,

रुस्तिकोचं वाचलं. चूक माझी होती. त्या छावणीत चूल कुठे असते हे इथून दिसत नाही.

म्हणूनच म्हणतो, विक. तुझ्याने होत नाही आणि माझ्याकडून तुला काही मदत होणं नाही. याहून जास्त विचारू नकोस. कागद सही करून पाठवतो.

क्रिसांतो


लुमबाय, १५ जानेवारी १९९७

मानोंग,

कागद आला नाही. कंपनीचा माणूस रोज ऑफिसात येऊन बसतो, माझी कॉफी पितो आणि भिंती मोजतो. जत्रेला अठरा दिवस राहिले.

परवा पुन्हा फोन लावला. पुन्हा तेच. पण या वेळी तुझा श्वास ऐकू आला, बारीक शिट्टीसारखा. म्हणजे तू तिथेच होतास आणि बोलला नाहीस. मी तीन मिनिटं एकटीच बोलत होते आणि टेलिफोनवाली माझ्याकडे बघत होती. एवढं काय केलं रे मी? निरोप पहाटे नेले, हाच राग ना?

पाठवायचा तर पाठव, नाहीतर नाही म्हण. मधेच असं लोंबकळत ठेवू नकोस.

साल्वा


मनिला, २० जानेवारी १९९७

इंदाय साल्वा,

तू अंथरुणाला खिळली आहेस, की तुझं लग्न ठरलंय?

हसू नकोस. गेले नऊ दिवस माझ्या दाराशी जे चाललंय ते सांगतो. रविवारी बारा तारखेला सुकी मासळी विकणारी एक बाई आली. डोक्यावर टोपली तशीच. "तुम्ही लुमबायचे क्रिसांतो पानालिगान ना? तुमच्या गावच्या रेडिओवर आलंय, बहीण फार आजारी आहे, घरी या." तिने स्वतः ऐकलं नव्हतं. तिच्या नणंदेचा दीर बोटीवर आचारी आहे, त्याने धक्क्यावर ऐकलं होतं.

सोमवारी एक बस ड्रायव्हर. बस रस्त्यात उभी करून आला, मागे लोक शिव्या घालत होते. "अभिनंदन, बहिणीचं लग्न ठरलं, नवरा कुठल्या तरी कंपनीतला आहे, लवकर निघा." मंगळवारी घरकाम करणाऱ्या दोन मुली, अर्ध्या दिवसाची सुटी माझा पत्ता शोधण्यात घालवून. म्हणे, तुमची हरवलेली म्हैस सापडली. माझ्याकडे आयुष्यात म्हैस नव्हती. मग सेमिनरीत पाद्री व्हायला शिकणारा एक विद्यार्थी, हात जोडून: वडील वारले, मनाची तयारी ठेवा. ताताय जाऊन अकरा वर्षं झाली, ते पुन्हा कसे वारले?

आजपर्यंत अकरा माणसं झाली. कुणाचं कुणाशी जुळत नाही. मी रोज नवीन घाबरतो. सकाळी तू मरायला टेकलेली असतेस, संध्याकाळी बोहल्यावर. पण अकराही जण निरोप सांगून झाल्यावर निघत नाहीत. दारात उभे राहतात. म्हणतात, "पोचला ना निरोप?" मी मान हलवली की मगच जातात. आणि अकराही जणांनी शेवटी एक गोष्ट अगदी तीच सांगितली. "बहिणीने सांगितलंय, न बोलता आलात तरी चालेल."

साल्वा, तुला कोणी सांगितलं?

मी तर कुणालाच कळू दिलं नव्हतं. दीड वर्ष झालं. घशात गाठ निघाली, कापली, तिच्याबरोबर आवाजही गेला. आता गळ्याला भोक आहे आणि श्वास तिथून येतो. फोनवर ऐकलीस ती शिट्टी तीच. स्टेशनवाल्यांनी फुलं दिली, घड्याळ दिलं आणि घरी पाठवलं. सकाळचा कार्यक्रम वगैरे सगळं खोटं. तुला शहाणपणाची पत्रं लिहायचो तेवढा वेळ मला वाटायचं, मी अजून रेडिओत आहे. तू "ये, माइकसमोर बस" म्हणालीस त्या दिवशी मी जेवलो नाही. विक म्हणालो तेही त्याचसाठी. आवाज नसलेल्या माणसाने रेडिओ स्टेशनचा मालक म्हणून काय मिरवायचं? मला माझी फार लाज वाटत होती, इंदाय.

आता कागदाचं. मी सहीसाठी पेन हातात घेतलं होतं, तेवढ्यात ती मासळीवाली आली. मला बोलता येत नाही, म्हणून हाताला लागला तो कागद उलटा करून त्यावर लिहिलं, "तुम्हाला कोणी पाठवलं?" तिला वाचता येत नव्हतं. तिने रस्त्यावरून एकाला ओढून आणलं आणि वाचून घेतलं. मग ड्रायव्हर आला, त्याच्याशीही त्याच कागदावर बोललो. अकराव्या माणसापर्यंत तुझ्या विक्रीपत्राची मागची बाजू भरली, कडासुद्धा. पुढच्या बाजूवर मासळीचं तेल आहे. यावर आता कुणाची सही होणार नाही.

त्यातच मी सगळ्यांना विचारलं होतं, "तुम्ही लुमबायचं स्टेशन ऐकता का?" अकराही जण म्हणाले, नाही. म्हणाले, ते आमच्यासाठी नसतं हो, कुणासाठी तरी असतं, कानावर पडलं तर सांगायचं. सर्व्हेवाल्यांनाही तुझ्या माणसांनी हेच सांगितलं असणार. ती सगळी खरंच बोलली आणि आपण दोघं शहाणे मात्र साताच्या आकड्यापाशी अडून बसलो. मी बत्तीस वर्षं बोलत होतो, आणि माझ्यामागे एवढी माणसं एकमेकांच्या दारात जाऊन उभी राहतात, हे मला माहीतच नव्हतं.

मी येतोय. कँडेलारियाच्या आत. कधी आणि कशाने ते या पत्रात लिहीत नाही. ते मासळीवालीला लिहून दिलंय. बघू तुझं स्टेशन उलट्या दिशेने चालतं का.

क्रिसांतो


लुमबाय, ३० जानेवारी १९९७
(खिडकीवर ठेवलेलं)

मानोंग,

कुणीही सांगितलं नव्हतं. मला वाटलं, तू रुसलास. तुझं "विक" लिहिलेलं पत्र आलं त्याच दिवशी मी पहाटे स्वतः माइकवर बसले आणि वाचलं: "लुमबायच्या कै. फाउस्तो पानालिगान यांचा मुलगा क्रिसांतो, राहणार मनिला, यास बहीण साल्वाचा निरोप. स्टेशन जायची वेळ आली आहे. घरी ये. रागावला असशील तर न बोलता आलास तरी चालेल. ज्याच्या कानी पडेल त्याने कृपा करून सांगावं." सहा दिवस वाचलं. रागाचं तेवढं वाटेत कुठे गळून पडलं कोण जाणे. आजारपण, लग्न आणि म्हैस यातलं एकही माझं नाही.

तुझं पत्र वाचून मी फार रडले. आणि मग तुझ्या दीड वर्षाच्या थापा आठवून तुला एक ठेवून द्यावीशी वाटली. आल्यावर दोन्ही करीन.

कंपनीच्या माणसाला सांगितलं, कागद खराब झाला. तो म्हणाला, दुसरा आणतो. मी म्हटलं, मागची बाजू कोरी राहील याची हमी देत नाही. त्याला काही कळलं नाही, पण कॉफी अर्धी टाकून गेला. साबणाच्या व्यापाऱ्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, "अकराजण? रेडिओ नसलेले? मनिलात?" आणि डोकं खाजवत बसला. खाजवू दे. स्टेशन तरेल की नाही मला अजूनही माहीत नाही. पण आता ते कुणासाठी चालवते आहे, एवढं कळलंय.

तुझा उलटा निरोप पोचला. सहाजणांनी आणून दिला. दोघं म्हणतात मंगळवारची बोट, दोघं म्हणतात शुक्रवारची. एकजण म्हणतो इलोइलोवरून बसने. सहावा छातीठोकपणे सांगतो की तू म्हैस घेऊन येतो आहेस. ती कुठे बांधायची तेवढं कळव. मंगळवारी मी धक्क्यावर जाऊन परत आले. आज पुन्हा जाते, उद्याही जाईन. चुकामूक नको म्हणून हे इथे ठेवते आहे.

आणि माइकसमोर बस म्हटलं होतं ते मागे घेते. बोलणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत. तियो मेलेसिओची मांडी बरी झाली आहे आणि तो एकटाच तिघांचं बोलतो. मला खिडकीवर माणूस हवाय. लोक येतात, रडतात, अर्धं सांगतात, उरलेलं विसरतात. ते सगळं शांतपणे ऐकून कागदावर चार ओळींत नीट उतरवायचं. तिथे बोलावं लागत नाही.

तातायची खुर्ची खिडकीपाशी ठेवली आहे, पेनात शाई भरली आहे. रांग लागलेली असेल तर माझी वाट बघू नकोस. लिहायला घे.

साल्वा